ऊन पाणी

मागच्या गल्लीत बिनखिडक्यांची ती इमारत उभी राहिली आणि वहिनींच्या लाँड्रीतल्या नळाची धार करंगळीएवढी झाली. इमारतीत माणसं मोजून सहा, बाकी सगळे संगणक. लोकांची खरेदी, फोटो, बँकेचे व्यवहार तिथे साठतात म्हणे. ती यंत्रं सतत तापतात आणि त्यांना गार ठेवायला पाणी लागतं. इकडे दवाखान्याच्या चादरींचे ढीग तुंबले.

"मोर्चाच नेतो," लाँड्रीत त्यांच्या जोडीने राबणारे धाकटे दीर हातघाईवर आले होते.

"न्या, भावजी. पण आधी मी बघून येते."

तिथल्या इंजिनिअरने खुर्ची दिली, पाण्याचा विषय मात्र टाळला. परतताना वहिनींना भिंतीतल्या पाइपातून गटारात पडणारं पाणी दिसलं. सवयीने त्यांनी हात घातला. चांगलं ऊन होतं.

"हे फेकून देता?"

"ताई, त्यात पाइप गंजू नयेत म्हणून औषधं असतात. कपड्यांना चालणार नाही."

वहिनी कसल्या ऐकतात! दोन कॅन भरून आणलेच. वाळल्यावर चादरी ताठ आणि पिवळट झाल्या.

"याची दारं बसवू आता," दीर म्हणाले.

वहिनींना हसू आलं नाही. चार जुन्या चादरी वाया गेल्या होत्या. दोन दिवस त्या धुण्याचं पाणी तापवायला भट्टीत जाणारी लाकडं मोजत होत्या. मग पुन्हा इंजिनिअरसमोर जाऊन बसल्या.

"पाणी नको. त्यातली ऊब तेवढी द्या."

मग त्याने कागद ओढून टाकी काढली, टाकीत वेटोळी नळी. नळीतून त्यांचं गरम पाणी फिरेल, नळीबाहेरचं लाँड्रीचं स्वच्छ पाणी तापेल. "होईल. पण वरच्यांना विचारावं लागेल."

वरच्यांनी तीन महिने दाद दिली नाही. शेवटी दीरांनी मोहल्ल्यातल्या चारशे सह्यांचा अर्ज नेऊन आपटला, तेव्हा कुठे नळी आली.

आता लाँड्रीची भट्टी पहाटेऐवजी दहाला पेटते, तीही तासभर. लाकूड निम्म्यावर आलं. भट्टी सांभाळणाऱ्या, धुराने खोकून बेजार झालेल्या कामाच्या मावशी आता इस्त्रीला बसतात. पाण्याचा तुटवडा मात्र सुटलेला नाही. चादरी दोन पाळ्यांत धुवाव्या लागतात.

पलीकडच्या मोकळ्या जागेत तसलीच दुसरी इमारत येणार असं कळलं, तेव्हा पाया खणायच्या आधीच वहिनी तिथल्या ऑफिसात जाऊन बसल्या. दीरांनाही बरोबर नेलं.

"पाणी कुठून घेणार," त्यांनी विचारलं, "ते आधी सांगा."