सणाच्या सकाळी मी हिरवी झाले

मित्रांनो, मी एक ओळ आहे. तीही अर्धीच. माझ्यापुढची अर्धी ल्युबिंका टाइप करते.

आरिल्ये गावात तिच्या स्वयंपाकघरात एक जुना लॅपटॉप आहे. त्यातल्या काळ्या खिडकीत, डाव्या कडेला, मी उभी असते. ल्युबिंका अंगणापलीकडच्या शीतगृहाचा प्रोग्राम लिहिते. तिथं अख्ख्या आळीच्या रास्पबेरी ठेवलेल्या असतात. आतली थंडी कमी झाली की भोंगा वाजला पाहिजे, एवढंच त्या प्रोग्रामचं काम. पण तो नाही वाजला, तर सगळ्यांच्या उन्हाळ्याचं पाणी होईल.

माझा जन्म रागातून झाला. प्रोग्रामच्या दोन शाखा होत्या, एक खरी आणि एक खटपट करून बघायची. एकदा ल्युबिंका दिवसभर चुकीच्या शाखेत राबली. शिवाय चुलीवरच्या मिरच्या करपल्या, त्याचंही खापर तिनं लॅपटॉपवर फोडलं. मग तिथंच बसून तिनं मला लिहिलं. तेव्हापासून ती एंटर दाबते आणि मी उमटते. आधी शाखेचं नाव सांगते, मग रंग दाखवते. बदल गिटमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या बदलांच्या वहीत, नीट नोंदवलेले असले की हिरवा, काही अर्धवट लोंबत असलं की लाल.

तिचा दीर तिहोमिर मला पहिल्यांदा बघून म्हणाला, "वहिनी, ही ओळ आहे की जत्रेतला पाळणा?"

"तुझ्या शर्टापेक्षा बरे रंग आहेत," ल्युबिंका म्हणाली.

मला बरं वाटलं. सुरुवातीला ती मला बघूनच उठायची. मी लाल असले तर चहासुद्धा गार होऊ द्यायची. मग तोडणीचा हंगाम आला. हे अर्धं, ते अर्धं, नंतर बघू. मी सकाळी लाल, संध्याकाळी लाल. कुणी ढुंकून बघेना. भिंतीवरच्या डागाकडे कोण बघतं? मला संताप यायचा, पण करणार काय, माझ्याकडे आहेत दोनच रंग.

अशात पेत्रोवदान आला, या घराच्या संताचा दिवस, त्यांची स्लावा. त्या दिवशी कुणाला बोलावत नाहीत. येईल त्याला जेवू घालतात. ल्युबिंकानं पडदे धुतले, खिडक्या घासल्या, आणि सकाळी ओल्या हातांनीच माझ्यासमोर बसली. "घर झालं, आता हा पसारा," म्हणाली. कामाचं तेवढं नोंदवलं, बाकीचं फेकलं, एंटर दाबलं. मी हिरवीगार.

तिहोमिर टाय बांधत जात होता. "अरे, हिला हिरवंही होता येतं?"

ल्युबिंकाला मग एक चाचणी घ्यायची हुक्की आली. सणाच्या दिवशी भोंगा बोंबलायला नको म्हणून तिनं प्रोग्राममधला भोंगाच चाचणीपुरता बंद केला. एंटर. मी लाल. तेवढ्यात दारात तिच्या लग्नाचा कूम बोगोल्युब उभा. साक्षीला उभ्या राहिलेल्या माणसाला ताटकळत ठेवायचं नसतं, म्हणून ती तशीच उठून गेली.

दुपारी रास्पबेरीची गाडी यायची होती. त्याआधी नवा प्रोग्राम शीतगृहाच्या यंत्रावर पाठवायला तिहोमिर आला, एका हातात पेला घेऊन. फोल्डरमध्ये असेल ते उचलून पाठवायची आज्ञा त्यानं टाइप केली. बोट एंटरवर नेलं. आणि माझ्याकडे बघितलं.

"वहिनी," त्यानं तिथूनच हाक मारली, "सकाळी ही हिरवी होती ना?"

"होती की."

"मग आता लाल का?"

बाहेर ताटल्या खडखडल्या. ल्युबिंका तबक घेऊनच आत आली. "हात काढ. आधी हात काढ. त्यात भोंगा बंद आहे."

तिहोमिरनं हात खिशात घातला.

"मांस गार होतंय," अंगणातून कूम ओरडला. "आत काय कुणी मेलं का?"

"रास्पबेरी मरणार होत्या," तिहोमिर म्हणाला. "वाचल्या."

ल्युबिंकानं बदल मागे घेतला. मी हिरवी झाले. मग तिहोमिरनं प्रोग्राम पाठवला, आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "असू दे हा पाळणा."

मित्रांनो, येताजाता मला न्याहाळत बसा, असं मी नाही म्हणत. फक्त पसारा आवरून मला अधूनमधून हिरवी होऊ द्या. म्हणजे लाल झाले की मी तुम्हाला दिसेन.