सरकारी रीळ बघून उठणारा माणूस

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पालघरचे भगवंतशेठ पाणीसुद्धा फुंकून प्यायचे. त्यांचा फिरता सिनेमा होता. तंबू, मशीन, रामू ऑपरेटर आणि पत्र्याच्या पेटीत कुलूपबंद ठेवलेलं लायसन, एवढाच पसारा. कायदा असा, की खेळ कुठलाही लावा, आधी सरकारी रीळ दाखवलंच पाहिजे: धरणं, कारखाने, पाहुण्यांना घातलेले हार. तेही दर आठवड्याला नवं. पासष्ट साली लोक शिट्ट्या मारतात म्हणून रामूने रीळ गाळलं, कोणीतरी कचेरीत कळवलं, आणि शेठना लेखी तंबी आली. पुन्हा चूक झाली तर लायसन रद्द. कळवणारा कोण ते कळलंच नाही. तेव्हापासून तिकीट काढणारा प्रत्येक जण शेठना तोच वाटायचा.

सहासष्ट साली तारापूरला अणुवीज केंद्राचं काम जोरात होतं आणि बोईसर कामगारांनी भरलं होतं. शेठनी बेटेगावच्या वाटेवर तंबू ठोकला. तिसऱ्याच दिवशी त्यांच्या नजरेत तो भरला. डोंगरातला माणूस, पन्नाशीचा, लंगोटी आणि खांद्यावर कांबळं. पहिल्या घंटेला येऊन तो अगदी पुढे जमिनीवर बसे. बाकीची मंडळी सरकारी रीळ संपेपर्यंत बाहेर विड्या ओढत; हा एकटा टक लावून ते बघे. रीळ संपून खरा खेळ सुरू झाला, की उठून चालता होई.

तिकीट काढायचं आणि सिनेमा लागला की निघून जायचं? असा वेडा शेठनी जन्मात पाहिला नव्हता. आणि वेडा नसेल तर तो पाठवलेला माणूस, यात शंकाच नव्हती. कचेरीची अक्कल बघा, मुद्दाम लंगोटीवाला धाडलाय! मग शेठही पडद्याच्या कडेला उभे राहून रीळ चालू असेपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहू लागले.

एकदा त्यांनी त्याला दारात अडवलं. नाव झिपरू, एवढं त्याने सांगितलं. गाव विचारलं तर हाताने पूर्वेचे डोंगर दाखवले. मुलं किती, ती कुठे कामाला आहेत, असं विचारताच त्याने मान खाली घातली. शेवटी शेठनी विचारलं, की पुढचा खेळ का बघत नाहीस?

"माजं बगून झालं," झिपरू म्हणाला.

शेठची झोप उडाली. दाखवायचं रीळ दाखवत होते खरं, पण एकच रीळ अकरा दिवस चाललं होतं. बदलून आणायचं तर रामूचा अख्खा दिवस मुंबईत जायचा, म्हणून त्यांनी चालढकल केली होती. नेमकं हेच या माणसाने टिपलं असणार. बाराव्या दिवशी सकाळच्या गाडीने त्यांनी रामूला रिळाचा डबा घेऊन मुंबईला पिटाळलं आणि खेळाच्या आत नवं रीळ आणवलं.

त्या संध्याकाळी झिपरूबरोबर एक बाई होती. साक्षीदार आणलाय, शेठ मनात म्हणाले. नवं रीळ झालं, पण झिपरू उठला नाही. खेळ सुरू झाला तरी तो पडद्याकडे बघत बसून राहिला, आणि बाई त्याच्याकडे बघत राहिली. शेठना वाटलं, चांगला उधळला याचा डाव. रात्री ते पोटभर जेवले.

सकाळी दोघं तंबूशी हजर. ती झिपरूची बायको नवसी. शेठनी कोणी काही बोलायच्या आत लायसन काढून पुढे धरलं आणि काल नवं रीळ लावल्याचं ठणकावून सांगितलं.

झिपरूने कागदाकडे पाहिलंही नाही. "जुनं कुठं हाय?"

ते मुंबईला परत गेलं, आता कुठल्या गावी लागेल सांगता येत नाही, म्हटल्यावर त्याने खांद्यावरचं कांबळं खाली टाकून नवसीला त्यावर बसवलं. मग थांबत थांबत त्याने सांगितलं. त्यांचा मुलगा जिवल्या दोन वर्षांपूर्वी मुकादमाशी मारामारी करून कामावरून पळाला. जिवंत आहे की नाही, तेही ठाऊक नव्हतं. झिपरू बोईसरला रेती वाहायला आला, गंमत म्हणून तंबूत शिरला, आणि पडद्यावर जिवल्या आला. कुठल्याशा धरणावर डोक्यावर पाटी घेऊन चालला होता. वळून हसला आणि गेला. मग झिपरू रोज येऊ लागला. नवसी तापाने पडली होती, म्हणून तिला आणायला उशीर झाला.

मला आधी का नाही सांगितलंस, असं शेठनी विचारलं.

"तुमी पोरांचं विचारलां. आमाला वाटलां, तुमी मुकादमाचा मानूस."

नवसीने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "कोनतां धरन?"

शेठनी रामूला हाक मारली. रामू म्हणाला, मी मशीन सांभाळतो, रीळ कुठे बघतो? तंबूतला कर्णा अकरा संध्याकाळी धरणाचं नाव घेत होता. ते हिंदी झिपरूला कळत नव्हतं, आणि ज्याला कळत होतं त्याने ऐकलंच नव्हतं.

रिळाचा नंबर मुंबईहून मिळालेल्या पावतीवर होता. कचेरीला पत्र लिहून विचारता आलं असतं. पण नंबर दिला की तारखा निघणार, आणि तारखांबरोबर लायसन जाणार. शेठनी कागद घेतला आणि हात आखडला. हेच तर यांना माझ्याकडून लिहून घ्यायचं नसेल?

"रोज बगलां ना तुमी त्याला?" नवसीने विचारलं. "बारीक झालाय का वो?"

शेठना स्वतःची लाज वाटली. "नाही बघितलं, बाई," ते म्हणाले. "मी तुझ्या नवऱ्याकडेच बघत होतो."

मग त्यांनी तारीख घातली, पावतीवरचा नंबर उतरवला, आणि खाली लिहिलं, की हे रीळ माझ्या तंबूत अकरा दिवस दाखवलं गेलं. त्यातलं धरण कोणतं, ते कृपा करून कळवावं.