द्राक्षांच्या माथी

दाजींचा डोळा कधी खोटं बोलत नसे. खोटं बोलायचं खातं त्यांनी तोंडाकडे दिलेलं होतं.

ही गोष्ट प्रयोगशाळेत बऱ्याच जणांना ठाऊक होती. धाकटीला ती घरातूनच ठाऊक, कारण दाजी तिच्या थोरल्या बहिणीचे नवरे. जनावरांची औषधं बाजारात जाण्याआधी जनावरांना देऊन पाहायची, मग त्यांचं यकृत, जठर, मूत्रपिंड कापून पातळ चकत्या काचेवर घ्यायच्या आणि औषधाने कुठे काय जाळलंय ते सूक्ष्मदर्शकाखाली शोधायचं, असं तिथलं काम. दाजी तिथले प्रमुख. त्यांनीच तिला तिथे चिकटवलं होतं आणि तसं ते वर्षातून एकदा तरी बोलून दाखवत. कामावर ती त्यांना सर म्हणे, घरी दाजी. कोणत्या दारातून आत आलो त्याप्रमाणे जीभ आपोआप वळायची.

दाजींच्या आयुष्याची कमाई म्हणजे एक गोळी. कुत्र्यांच्या सांधेदुखीवरची. मोठ्या मात्रेत ती मूत्रपिंडाला बाधते हे त्यांना माहीत होतं आणि ते लपवतही नव्हते. साध्या मात्रेत मात्र काही होत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि प्रयोगातली कुत्री त्याला माना डोलवत होती. आता ही कुत्री सगळी तरणीताठी, धडधाकट, मापात खाणारी. तरण्या कुत्र्याला कशाला हवी सांध्याची गोळी? पण हा प्रश्न विचारायला तिथे कुणाला पगार मिळत नव्हता.

म्हातारं कुत्रं होतं ते अण्णांकडे. अण्णा म्हणजे या दोघी बहिणींचे वडील. आई गेल्यापासून एकटे राहत. कुत्र्याचं नाव भोपळ्या, कारण लहानपणापासून तो तसाच दिसायचा. दोघांचेही गुडघे कामातून गेलेले. जिना चढताना अण्णा एका पायरीवर थांबायचे, मग भोपळ्या पुढच्या पायरीवर त्यांच्यासाठी थांबायचा, आणि असं करत दोघं दुपारपर्यंत वर पोचायचे, असं ताई हसत सांगायची.

एका रविवारी दाजींनी खिशातून गोळ्यांची बाटली काढून टेबलावर ठेवली. “अण्णा, रोज एक. पाहाच तुम्ही.” आणि खरंच, महिनाभरात भोपळ्या जिन्यावरून धावत उतरायला लागला. अण्णांनी फोन करकरून सगळ्या नातेवाइकांना सांगितलं. जावयाचं कौतुक ओठांत मावेना. बाटली ठरल्यापेक्षा लवकर संपली, तर दाजींनी दुसरी आणून दिली. का संपली, हे काही विचारलं नाही. स्तुती ऐकताना माणूस हिशेब मागत नाही.

मग भोपळ्याने खाणं सोडलं. ओकायला लागला, पाणी मात्र पीत राहिला, आणि एका सकाळी त्याच्या गोणपाटावरून उठलाच नाही. दाजी आले, तोंडावर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, “शेवटी शेवटी काय काय खायला घातलं होतंत?”

अण्णा साधा माणूस. म्हणाले, “काहीच घेईना हो. म्हणून काल थोडी द्राक्षं चारली. तेवढी खाल्ली त्याने.”

“द्राक्षं?” दाजी म्हणाले. “अण्णा, द्राक्षं कुत्र्याला विष असतात.”

हे खोटं नव्हतं, आणि धाकटीला राग आला तो त्याचाच. द्राक्षांनी कुत्र्याची मूत्रपिंडं जातात, हे पुस्तकातही आहे. दाजींनी पुस्तकातलं एक खरं वाक्य उचललं आणि सगळं खापर द्राक्षांवर, म्हणजे पर्यायाने म्हाताऱ्यावर फोडलं. अण्णा खुर्चीत बसले ते बसलेच. त्या दिवसापासून त्यांचं फिरायला जाणं बंद झालं. ताट पुढे सरकवत, दोन घास खात आणि म्हणत, “मीच मारला गं त्याला.” पाय सुजले होते, चपला घालता येईनात. बसून बसून सुजले असतील, असं धाकटीला वाटलं. दुःख माणसाला असं आतून पोखरतं, असंही वाटलं. एवढं शिकलेली बाई, पण बापाकडे पाहताना तिने शिक्षण दाराबाहेर काढून ठेवलेलं असायचं.

भोपळ्याला तिने स्वतः प्रयोगशाळेत नेऊन तपासलं. अण्णाच म्हणाले होते, “बघ बाई, काय झालं ते कळू दे एकदा.” तिने पाहिलं आणि गप्प बसली. मूत्रपिंडाचा घेवड्यासारखा आकार असतो. त्याची एक बाहेरची कड आणि एक आत वळलेलं टोक. द्राक्षं बाहेरची कड खातात. दाजींच्या गोळीच्या जातीची वेदनाशामकं आतलं टोक मारतात, कारण तिथला रक्तपुरवठाच ती आवळतात. हे तिला शिकवलं होतं दाजींनीच, फळ्यावर घेवडा काढून.

आता हे तिने सांगितलं असतं तर दाजी म्हणाले असते, तू बापाच्या मायेने बघतेस. म्हणून तिने दाजींचाच डोळा कामाला लावायचं ठरवलं. त्यांच्याकडे काचा वाचायची एक पद्धत होती. काचेवर फक्त क्रमांक असायचा. कोणतं जनावर, किती मात्रा, काहीच वाचणाऱ्याला कळू द्यायचं नाही, म्हणजे मनाने डोळ्याला शिकवायला नको. ही पद्धत दाजींनीच आणली होती आणि तिचा त्यांना मोठा अभिमान. त्या दिवशीच्या ढिगात तिने एक काच जास्तीची सरकवली.

दाजी सूक्ष्मदर्शकावर वाकले. ते बोलत गेले, ती लिहीत गेली. हा ठीक. हाही ठीक. मग ती काच आली आणि दाजी थांबले. स्क्रू मागेपुढे फिरवला. त्यांचा आवाज हलका झाला, आवडीचं काही सापडलं की व्हायचा तसा.

“अरे वा. टोक पूर्ण मेलंय. मोठ्या मात्रेच्या गटातला आहे हा.”

“दुसऱ्या कशाने होईल का असं, सर? द्राक्षांनी वगैरे?”

“द्राक्षांनी?” त्यांनी डोळा न काढताच म्हटलं. “द्राक्षांनी कड जाते. इथे कड बघ, शाबूत आहे. विसरलीस का सगळं? ही आपल्या गोळीची सही आहे.”

“हा भोपळ्या आहे, दाजी.”

तिने कामावर त्यांना दाजी म्हणायची ही पहिलीच वेळ. ते हळूहळू सरळ झाले. चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला.

“हे नियमात बसत नाही,” ते म्हणाले.

“नसेल.”

“म्हातारं जनावर होतं ते. आधीच काहीतरी बिघडलेलं असणार.”

“गोळी म्हाताऱ्या जनावरांसाठीच आहे ना?”

दाजींनी दाराकडे पाहिलं. “हे बघ, गोळीच्या मंजुरीचे कागद पुढे गेलेत. आता हे बाहेर आलं तर माझं काय होईल ते सोड, तुझ्या ताईचं काय होईल? तिचा तरी विचार कर.”

आपलेच दात नि आपलेच ओठ. धाकटीला ताईचं घर डोळ्यांपुढे दिसलं, आणि दाजींनी ते बरोबर वेळी दाखवलं म्हणून त्यांची चीडही आली. “काच अहवालात जायची की नाही ते नंतर बघू,” ती म्हणाली. “आधी अण्णांना सांगा. तुमच्या तोंडाने. द्राक्षांनी नाही, गोळीने गेला म्हणून. तो माणूस जेवत नाहीये.”

संध्याकाळी दोघं गेले. भोपळ्याचं गोणपाट अजून कोपऱ्यात होतं, वाडगं धुऊन पालथं घातलेलं. अण्णांनी चहा ठेवला. दाजी खुर्चीच्या कडेवर बसले, घसा साफ केला आणि म्हणाले, “अण्णा, ते भोपळ्याचं जरा...”

“द्राक्षंच,” अण्णा म्हणाले. “तुम्ही म्हणालात तेच खरं. माझीच चूक. आता तो विषय नको, जावईबापू.”

धाकटी दाजींकडे पाहत राहिली. आता बोलतील, आता बोलतील. दाजींनी कप उचलला, चहा छान झालाय म्हणाले आणि संपवला. त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरताना तिला स्पष्ट दिसलं. “गाडी काढतो, ये सावकाश,” असं म्हणून ते खाली गेलेसुद्धा.

“अण्णा, द्राक्षांनी नाही झालं,” ती म्हणाली. “गोळीने झालं. त्यांना माहीत आहे.”

“मलाही माहीत आहे,” अण्णा म्हणाले. “द्राक्षं मी आदल्या दिवशी दिली. खाणं त्याने त्याच्या कितीतरी आधी सोडलं होतं. एवढं न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

“मग तुम्ही कशाला...”

“ताईला त्याच घरात राहायचंय. मी द्राक्षं म्हटलं की मिटलं.” आणि ते बुटक्या स्टुलावरून उठले, दोन्ही हातांत कप घेऊन, कशाचाही आधार न घेता.

धाकटीने ते पाहिलं. गेल्या वर्षी याच स्टुलावरून उठायला त्यांना भिंत लागायची आणि वर तिचा हात.

“अण्णा, गुडघे कसे आहेत?”

“बरे आहेत.”

“काय घेता?”

अण्णा मोरीपाशी पाठमोरे उभे राहिले. कप बराच वेळ विसळत होते. मग त्यांनी साखरेच्या डब्यामागून ती बाटली काढून ओट्यावर ठेवली. तळाला थोड्याच गोळ्या उरल्या होत्या.

“तो पळायला लागला तेव्हा मी म्हटलं, त्याचे सांधे आणि माझे सांधे यात असा काय मोठा फरक? त्याला एक, मला एक. तो गेल्यावर सोडणार होतो. पण मग जिना कोण चढवणार मला? आता सोबतीलाही कुणी नाही.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मेलेल्या कुत्र्याचं मूत्रपिंड तिने काचेवर घेऊन पाहिलं होतं, आणि जित्या बापाच्या सुजलेल्या पायांवरून रोज नजर फिरवून ती परत जात होती. आता तिला सगळंच दिसलं. डोळ्यांखालच्या फुगलेल्या पिशव्या, पिवळट कातडी, न खाल्लेली ताटं. तिने गॅलरीतून हाक मारली, “दाजी, वर या,” आणि तिचा आवाज असा आला की दाजी गाडी चालू ठेवूनच धावत वर आले.

तिने दोन वाक्यांत सांगितलं आणि रुग्णालयाला फोन लावायला घेतला. दाजी खाली बसले. अण्णांच्या नडगीवर त्यांनी अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. दाजींनी तो पाय अलगद आपल्या मांडीवर घेतला. तेवढं खोटं नव्हतं. पण मग त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, “अण्णा, रोज एकच? की कधी दोन? उपाशीपोटी, की खाऊन? लघवी कमी झाल्याला किती दिवस झाले?”

आवाज हलका झाला होता. हात खिशातलं पेन चाचपत होता. तो डोळा अण्णांच्या पायावर असा लागला होता जसा सकाळी काचेवर लागला होता, आणि खोटं न बोलणारा तो डोळा धाकटीला त्या क्षणी फोडून टाकावासा वाटला.

अण्णांना मात्र इतक्या दिवसांनी कुणीतरी आपल्याला नीट काही विचारतंय याचं बरं वाटलं असावं. त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

“एकच हो, रोज. खाऊन,” ते म्हणाले. “आणि तुम्ही मनाला लावून घेऊ नका, जावईबापू. औषध चांगलं आहे तुमचं. माझे गुडघे अगदी दुखत नाहीत.”