एकशे चार बटणं

"कामासाठी हवाय की गेमसाठी?" दुकानातल्या चष्मेवाल्या बाईंनी विचारलं.

दोन्हीसाठी, मी म्हटलं. काम माझं, गेम ह्यांचा. बाईंनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. पन्नाशी ओलांडलेलं जोडपं आणि त्यातला नवरा गेम खेळतो म्हटल्यावर त्यांनी हसू दाबलं. ते मला दिसलं आणि माझं डोकं तिथेच तडकलं. माझं डोकं तसं लवकर तडकतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

माझं काम ऐकण्याचं. मुलाखती, सभा, भाषणं यांची रेकॉर्डिंग्ज माझ्याकडे येतात. हेडफोन लावून मी ती ऐकते आणि शब्दन् शब्द टाइप करून देते. पायाखाली एक पेडल असतं, ते दाबलं की आवाज चालतो, सोडलं की थांबतो. कोण बोलण्याआधी घसा खाकरतो, कोण उगाच कागद चाळत वेळ काढतो, मला सगळं ऐकू येतं. मला त्याचा थोडा ताठाही आहे.

ह्यांचं काम घड्याळं दुरुस्त करण्याचं. तीस वर्षं एकाच दुकानात, एकाच खुर्चीवर, डोळ्याला भिंग लावून. पाच महिन्यांपूर्वी एका सकाळी दाढी करता करता ह्यांची उजवी बाजू गेली. पाय परत आला, बोलणं परत आलं, हात मात्र अर्धाच आला. कप धरता यायचा, पण सदऱ्याची गुंडी लागायची नाही, आणि बोटांना सतत थरथर. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, रबरी चेंडू दाबून कंटाळले असतील तर कॉम्प्युटरवर गेम खेळू द्या, बोटांना जरा घाई लागली पाहिजे. घड्याळाच्या दुकानाचे मालक भला माणूस. आणखी दोन महिने खुर्ची रिकामी ठेवतो, म्हणाले. त्यावर ह्यांनी नुसती मान हलवली. पण त्या दिवसापासून घरात आम्ही दोघं दिवस मोजत होतो, एकमेकांना न सांगता.

घरात कॉम्प्युटर एक, टेबल एक, तेही खिडकी आणि कपाट यांच्यामध्ये कसंबसं मावलेलं. सकाळी मी बसणार, दुपारी हे. म्हणून कीबोर्ड आणि माउस असे हवे होते की माझी बोटं दुखणार नाहीत आणि ह्यांची झोपणार नाहीत.

मी यादी करून गेले होते. मऊ, हलका, बिनआवाजी. ह्यांच्याकडे यादी नव्हती. हे एकेका कीबोर्डवर वाकायचे, उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने एक बटण सावकाश दाबायचे, सावकाश सोडायचे आणि कान जवळ न्यायचे. दुकानातली माणसं बघायला लागली. अहो, विकत घ्यायचाय, नाडी नाही तपासायची, असं मी पुटपुटले. ह्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

रबरी बटणांचा मऊ कीबोर्ड मला पसंत होता. ह्यांनी तो दोनदा दाबून बाजूला सरकवला. याच्या आत काहीच नाही, म्हणाले. मग बाईंनी एक जाडजूड काढला. त्यात प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र डबी, नखाएवढी, आणि प्रत्येक डबीत एक बारीक स्प्रिंग. अशा एकशे चार. बाईंनी चिमट्याने एक डबी उपटून ह्यांच्या तळहातावर ठेवली आणि कितीतरी महिन्यांनी ह्यांच्या चेहऱ्यावर ती जुनी उत्सुकता आली. मी दाबून पाहिलं. बटण कडक, शिवाय आत खरखर. मी नाक मुरडलं.

"हाच घेऊ," हे म्हणाले.

दिवसभर टाइप मला करायचंय, मी म्हटलं. खेळायचं मला आहे, हे म्हणाले. बाई कंटाळून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेल्या, परत आल्या, तरी आमचं चालूच. शेवटी मी हात टेकले. बाईंनी सोबत डब्या उपटायचा चिमटा आणि दहा जास्तीच्या डब्या दिल्या. असले उद्योग करणार कोण, असं म्हणत मी त्या पिशवीच्या तळाशी टाकल्या. माउसवरून मात्र भांडण झालं नाही. दोन्ही हातांना चालेल असा साधा, दोन्ही बाजूंनी सारखा माउस घेतला. मी डाव्या हाताने वापरणार, म्हणजे माझं उजवं मनगट सुटेल, आणि हे उजव्या हाताने.

घरी आल्यावर माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. विशेषतः कान्याच्या नावाने. मराठी टाइप करणाऱ्याला विचारा, काना किती वेळा दाबावा लागतो ते. प्रत्येक वेळी माझं बोट त्या कडक बटणावर आपटायचं आणि आतून वाळू घासल्यासारखं व्हायचं. मी रोज सकाळी त्या कान्याला शिव्या घालायचे, ह्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

दुपारी दोन ते चार हे खोलीचं दार लोटून खेळत. बंदूक घेऊन पळायचा गेम. पायाखालची मुंगी उचलून खिडकीबाहेर सोडणारा हा माणूस, आणि आतून गोळ्यांचा धडधडाट. मधूनच शांतपणे आवाज यायचा, "मेलो गं." मी स्वयंपाकघरातून म्हणायचे, बरं, मग पाणी पिऊन घ्या. एवढं विनोदी बोलणं पाच महिन्यांत आमच्याकडे दुसरं झालं नव्हतं.

पण हात सुधारतोय असं काही मला दिसेना. एका सकाळी हे सदऱ्याची गुंडी लावत होते. मी आरशातून पाहत होते. ती एक गुंडी लावायला किती वेळ गेला असेल, आणि शेवटी ह्यांनी मुकाट्याने स्वेटर चढवला. हा हात घड्याळाच्या आत जाणार? आणि गेलाच, तर सगळ्या दुकानासमोर ह्यांची फजिती होणार? त्याच दिवशी बाजारात गेले असताना मी मालकांना फोन केला. म्हटलं, वाट पाहू नका, खुर्ची देऊन टाका कुणाला तरी. मालकांनी विचारलं, हे त्यांनी सांगितलंय का. मी म्हटलं, मीच सांगतेय. ह्यांना वाचवलं असं मला त्या वेळी वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर आठवड्याभराने काना मऊ झाला.

मी टाइप करत होते आणि बोट नेहमीसारखं आपटलं, पण ते बटण लोण्यात गेल्यासारखं खाली गेलं. खरखर नाही, काही नाही. वापरून वापरून झालं असेल, असं म्हणून मी पुढे गेले. चार दिवसांनी र मऊ झाला. मग वेलांटी. मग एका दिवसात दोन, मग तीन. आणि नेमकी तीच बटणं, ज्यांच्या नावाने मी ओरडत होते.

तेव्हा मी घाबरले. बटणं आपोआप अशी थोडीच बदलतात? माझ्याच बोटांना कळेनासं झालं असणार. ह्यांचंही त्या सकाळी असंच सुरू झालं होतं, बोटांना मुंग्या, मग बधिरपणा. गरम कपाला एकेक बोट लावून पाहिलं. चटका सगळ्या बोटांना बसत होता, तरी खात्री पटेना. ह्यांना सांगायची सोय नव्हती. एका दुपारी बँकेत जाते म्हणून निघाले ते थेट डॉक्टरांकडे. डॉक्टरांनी बोटं टोचून, दाबून, वाकवून पाहिली आणि माझ्या हातांना काहीही झालेलं नाही असं सांगून दहा मिनिटांत घरी पाठवलं.

दार उघडून आत आले तर खोलीतून धडधडाट येत होता. "मेलो गं," आतून ह्यांचा आवाज. मी घरात नाही हे ठाऊक असूनही, सवयीने. मी लोटलेलं दार ढकललं.

पडद्यावर ह्यांचा शिपाई एका भिंतीपाशी नुसता पडला होता. कीबोर्ड वायर काढून टेबलावर ठेवलेला, आणि त्याच्या दातांत एक खिंडार. शेजारी पांढऱ्या कागदावर एक डबी चार तुकड्यांत उघडलेली. ह्यांच्या डोळ्याला भिंग होतं आणि उजव्या हातात घड्याळांचा बारीक चिमटा.

चिमट्याच्या टोकाला स्प्रिंग होती, माझ्या पापणीच्या केसाइतकी बारीक. हात थरथरत होता. ह्यांनी करंगळी टेबलाच्या कडेला टेकवली आणि थांबले. थरथर आली, वाढली, ओसरली. ती ओसरली त्या क्षणी हात पुढे गेला, स्प्रिंग जागेवर बसली आणि पुढची थरथर यायच्या आत हात मागे आला. मग पुन्हा थांबणं. मग चिमट्याऐवजी सुई, सुईच्या टोकावर काहीतरी, जे मला दिसलंच नाही, आणि पुन्हा ती वाट पाहणं. तीस वर्षं टिकटिक ऐकलेला माणूस आता स्वतःच्या हाताची टिकटिक ऐकत होता, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत काम करत होता. मी आयुष्यात मोठी मोठी माणसं बोलताना ऐकली आहेत, पण कुणापुढे माझे हात असे आपोआप जोडले गेले नव्हते.

ह्यांनी डबी बंद केली, भिंग काढलं आणि मला पाहिलं. चोरी पकडल्यासारखे ओशाळले.

"किती झाली?" मी विचारलं.

"एकसष्ट."

जास्तीच्या दहा डब्या शिकण्यात मोडल्या, हे म्हणाले. पहिली नीट जमायला तीन आठवडे लागले. ती कान्याची, कारण मी सगळ्यात जास्त त्याच्यावरच चिडत होते. आणि गेम? तो सुरू करून ठेवायचा, म्हणजे दार उघडून कुणी येत नाही. नुसतं उभं राहिलं की मरतोच आपण, त्यासाठी कीबोर्ड लागत नाही. मी हसले आणि तशीच रडायला लागले. सुईने तेल किती घालता, काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं. ह्यांनी दुकानात शिकणाऱ्यांना तीस वर्षं सांगितलेलं वाक्य मला सांगितलं. दिसलं तर जास्त झालं.

"मालकांची मुदत संपायला चार दिवस आहेत," हे म्हणाले. "तोवर होतील तेवढी करतो. मग कीबोर्डच घेऊन जातो मालकांकडे. तोंडाने सांगून कोण विश्वास ठेवेल?"

तेव्हा मला सांगावं लागलं. फोनचं सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता, जसं दुसऱ्यांचं टाइप करून देते तसं. हे ऐकत राहिले. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. "बरं," एवढंच म्हणाले, आणि भिंग त्याच्या पेटीत ठेवून पेटीचं झाकण लावलं.

ते झाकण लागल्याचा आवाज मला सहन झाला नाही. मी खिंडारातलं बटण ह्यांच्याकडून बसवून घेतलं, कीबोर्ड टॉवेलमध्ये गुंडाळला, डब्या उपटायचा चिमटा पर्समध्ये टाकला आणि चपला घातल्या.

घड्याळाच्या दुकानात मालक एकटेच होते. ह्यांची खुर्ची भिंतीला लागून, रिकामी, पण तिच्यावर नवीन उशी आली होती. मी काउंटरवर टॉवेल सोडला. मालकांना म्हटलं, हे कोपऱ्यातलं बटण दाबा. त्यांनी दाबलं. आता हे दाबा, म्हणून मी त्यांचं बोट कान्यावर नेलं. त्यांनी एकदा दाबलं. मग पुन्हा दाबलं, या वेळी कान खाली नेऊन. मग माझ्याकडे न बघता गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं आणि हात पुढे केला. मी चिमटा दिला.

त्यांनी कान्याची डबी उपटली, पातळ पात्याने उघडली, स्प्रिंग उचलली, दिव्याखाली धरली. बराच वेळ फिरवून फिरवून पाहिली.

"तेल कुठे घातलंय?" त्यांनी विचारलं.

"दिसतंय का?"

"नाही."

"मग बरोबर घातलंय," मी म्हटलं.

मालकांनी भिंग काढलं. त्यांचे डोळे भरले होते. उजव्या हाताने केलं का, त्यांनी विचारलं. मी मान हलवली. माझ्या फोनची चूक माझी होती, ह्यांना ठाऊकही नव्हतं, मी ह्यांना न विचारता ह्यांचा निकाल लावून टाकला, हे सगळं सांगितलं. नवा माणूस सोमवारी यायचा होता. त्याला मी काय ते सांगतो, मालक म्हणाले.

त्यांनी डबीचे चार तुकडे एका काचेच्या वाटीत ठेवले आणि ती वाटी ह्यांच्या खुर्चीपुढच्या टेबलावर नेऊन ठेवली. वर काचेचं झाकण घातलं. मी म्हटलं, अहो, ते बसवून द्या ना, मला संध्याकाळी काम आहे, कान्याशिवाय एक ओळ लिहिता येणार नाही.

"मी नाही बसवणार," मालक म्हणाले. "त्यांनाच बसवू द्या. उद्या साडेनऊला, इथे बसून."

काना नसलेला कीबोर्ड काखेत घेऊन मी घरी निघाले.