देवीचे खळगे

मालूच्या गालांवर गाठी उठल्या तेव्हा तिच्या सासूने, आवडाबाईने, दाराला कडुलिंबाचा डहाळा लावला. "देवी आल्यात," म्हणाली. देवीचा रोग देशातून जाऊन वीस वर्षं होत आली होती, पण आवडाबाईला कोण सांगणार? देवींनी लहानपणीच तिच्या तोंडाची चाळण केलेली, तेव्हा या विषयात तिचाच शब्द शेवटचा.

कडुलिंबाने गाठी बसल्या नाहीत. उलट लाल, टणक झाल्या. बोटंही आखडली. मग आळीत कुजबुज सुरू झाली, महारोग म्हणून. लोकांच्या जिभेला हाड नसतं. एकदा मालू लेकीला भरवत होती, तर नवऱ्याने, रघुने, तिचा हात धरून घास बाजूला केला. मालूचा जीव तिथेच तुटला.

डोंबिवलीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी गाठी दाबून पाहिल्या. "हा महारोग दिसत नाही. चेहऱ्यात कधी काही भरून घेतलं होतंत का? इंजेक्शन?"

रघु शेजारी, सासू मागे. खरं बोलावं तर संसार जातो, न बोलावं तर पोर दुरावते. मालूने मन घट्ट केलं.

"लग्नाआधी. टेंभी नाक्याला माडीवर एक डॉक्टर बसायचा. देवीचे खळगे भरून दिले त्याने. सिलिकॉन म्हणालेला."

"शरीराला ते परकं वाटतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं गप्प राहिलं, आता भांडायला उठलंय. त्या भांडणात स्वतःचीच कातडी, स्वतःचेच सांधे खातंय. सगळं काढता येणार नाही. गोळ्यांनी दबेल."

रघु उठून बाहेर गेला. आवडाबाई मात्र पेटली. "फशिवलंस आमाला! अगं, माजं तोंड बघ. या तोंडानं जलम काढला, कोनी घराभायेर काढलं नाय. तुला कोनी सांगितलं व्हतं भोकं बुजवायला?"

मालूला राग आला, तोही दहा वर्षं साठलेला.

"तुमीच," ती म्हणाली. "खडवलीला आमच्याकडं निरोप धाडलेला ना? पोरगी गुळगुळीत पायजे. खड्ड्यांचं एक तोंड घरात हाय, तेवढं पुरं."

आवडाबाईचा हात गालाकडे गेला. आणि जन्मात कधी नव्हे तो तिने पदर तोंडावर ओढून घेतला.