नकाशातली पायवाट

आमच्या वाडीतल्या समुद्राकाठच्या बागेत पावसाचं पाणी तुंबतं, म्हणून त्या पाण्याचा शाश्वत आराखडा करायचं ठरलं. तो करायला पुष्कर साहेब आले एप्रिलात. एप्रिलात आमचा व्हाळ, म्हणजे पावसाळी ओढा, कोरडा ठणठणीत असतो आणि त्याच्या पात्रातूनच आम्ही सगळे किनाऱ्यावर जातो. साहेबांनी माणसं चालताना पाहिली आणि नकाशावर व्हाळाच्या जागी लिहिलं, पायवाट. मग त्या पायवाटेला पाणी झिरपू देणाऱ्या फरश्या, दोन्ही बाजूंना कर्दळी आणि बसायला तीन बाकं. नकाशा दिसायला फार सुरेख.

बागेची समुद्राकडची भिंत गेल्या वर्षीच बांधून झाली होती, बरोबर व्हाळाच्या तोंडावर. त्याच वर्षी आषाढात व्हाळ भिंतीपर्यंत आला, वाट मिळेना म्हणून मागे फिरला, बाग भरली आणि बागेला लागून असलेल्या लीलाकाकीच्या स्वयंपाकघरात शिरला. काकी एकटी राहते. चार दिवस तिने पलंगावर स्टोव्ह ठेवून पेज शिजवली.

आराखड्याच्या तिन्ही बैठकांना ती गेली. तिन्ही वेळा एकच म्हणाली, "भितीक भगदाड पाडा."

"आपला मुद्दा नोंदवून घेतला आहे," साहेब म्हणायचे. तिसऱ्या बैठकीत त्यांनी तिला नोंदवही दाखवलीसुद्धा. मुद्दा होता. आराखड्यात भिंतही होती, सलग.

मे महिन्यात कामाचा नारळ फोडायचं ठरलं. आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय कुदळ पडत नाही. गावकर भाई नारळ हातात धरून देवाला सगळं सांगतात आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. पुष्कर साहेब मूळचे सावंतवाडीचे. कचेरीत ते पुस्तकातल्यासारखं बोलतात, पण नारळ समोर आला की तोंड आपोआप लहानपणात जातं.

"बा देवा म्हाराजा," भाईंनी सुरुवात केली, "आज ह्या बागेच्या पाण्याचा काम सुरू होता आसा, ता तडीक ने रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"सायबांका चांगली बुद्धी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." साहेबांचा आवाज सर्वांत खणखणीत.

"जो व्हाळ वाडवडलांपासून हयसून दर्याक जाता, तेची वाट सायब भितीत मोकळी करतले रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," साहेब म्हणाले. मग त्यांचे डोळे उघडले.

भाईंनी तोवर नारळ फोडला होता.

"ते मी प्रथेप्रमाणे म्हणालो," साहेब म्हणाले.

"आमी पण तो शब्द प्रथेप्रमाणांच धरतलों," भाई म्हणाले आणि त्यांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

साहेबांनी खोबरं खाल्लं, नकाशा उघडला. बराच वेळ पायवाटेकडे पाहिलं. "किती रुंद ठेवायचं?" त्यांनी विचारलं, आणि विचारलं भाईंना.

उत्तर लीलाकाकीने दिलं. ती भिंतीपाशी गेली, पाठ टेकली आणि दोन्ही हात पसरले. "इतक्या. भर पावसात व्हाळ ह्याच्यापेक्षा कमी नसता."

"काकी, कोपर सरळ कर गो," शेजारची किशोरी म्हणाली. "नायतर उरलेला पाणी तुझ्याच चुलीत."

काकीने कोपर सरळ केलं. साहेबांनी टेप धरली. "पाच फूट एक इंच. पाच धरू या."

"इंच कित्याक सोडूचो?" काकी म्हणाली. "इंचान चूल विझता."

पुढे आराखड्यात 'जलशास्त्रीय अभ्यासाअंती' असं काहीतरी येईल, ते येऊ दे. त्या क्षणी साहेबांनी पेन्सिलीने भिंतीची रेघ खोडली आणि खाली वाकून आकडा लिहू लागले. ऊन डोक्यावर आलं होतं. काकी तशीच, भिंतीला टेकून, हात पसरून उभी.

"काकी, झालं. हात खाली घ्या आता."

"लिवलास?" ती म्हणाली. "इंचासकट? दाखवा बघू. मगे घेतंय."