राहिलेली दुसरी फेरी

मी एक जुनी मोटार आहे. मित्रांनो, हे वाचून तुम्हांला धूर आणि भोंगा आठवला असेल, तर तो विसरा. मी तुमच्या तळहातावर मावते. माझा रंग लाल, चाकं काळी, आणि मी एका तुकड्याची नाही. सांगाडा, सीट, बॉनेट, दांड्या, चाकं, छप्पर असे सुटे भाग एकमेकांत अडकवले की मी होते. सध्या मी एका कॉलेजातल्या लोखंडी कपाटावर, छताच्या जरा खाली बसलेली आहे. इथून मला खोली दिसते, पण खोलीतल्या कुणाला मी दिसत नाही.

माझ्या खोक्यावर एक चित्र होतं. त्यात एक लहान मूल पोटावर झोपून मला फरशीवरून पळवत होतं. दुकानाच्या फळीवर असताना मी ते चित्र इतक्यांदा पाहिलं की पुढचं आयुष्य असंच जाणार, अशी माझी खात्रीच झाली. एके दिवशी चष्मा लावलेले एक उंच गृहस्थ आले आणि त्यांनी माझ्यासारखी पाच खोकी एकदम घेतली. मला वाटलं, घरात नातवंडांचा सुळसुळाट असणार. पण ते मला घरी न नेता सरळ वर्गात घेऊन गेले.

तो वर्ग व्यवस्थापन शिकवणाऱ्या कॉलेजातला होता. बारावीनंतर मुलं तिथे पदवीसाठी येत. त्यांच्या विषयाचं नाव इतकं लांबलचक होतं, माहिती प्रणाली आणि कामकाज व्यवस्थापन, की स्वतः मुलंही ते एका दमात घेत नसत. सुट्टीत घरी गेल्यावर 'म्हणजे तू पुढे नेमका होणार कोण?' असं आई-वडील विचारत आणि उत्तर देताना आपली भंबेरी उडते, असं ती एकमेकांना हसत सांगत. सरांना विचारलं तर ते म्हणत, काम कुठे अडतं ते शोधायचं आणि ज्याला कळायला हवं त्याला ते वेळेवर कळवायचं, एवढाच हा विषय आहे.

ते शिकवायला सरांनी आम्हांला आणलं होतं. लांब बाकावर पाच जागा केलेल्या असत. पहिल्या जागेवर सांगाड्यात सीट बसवायची. दुसऱ्या जागेवर बॉनेट. तिसऱ्या जागेवर चाकं. चौथ्या जागेवर छप्पर, आणि पाचव्या जागेवर तपासणी. शेवटी एक विद्यार्थी 'ग्राहक' म्हणून बसे. सर गळ्यातलं स्टॉपवॉच दाबत आणि कारखाना सुरू होई. मी हातोहात पुढे सरकत पूर्ण होई, ग्राहक चाकांना बोटाने एक टिचकी मारून मान डोलावी आणि लगेच माझे तुकडे करून मला पुन्हा पहिल्या जागेवर पाठवी. भाग तर इतके मिसळत की माझी चाकं रोज दुसऱ्या कुणाची तरी असत. पोटाखालच्या एका ओरखड्यावरून मी स्वतःला ओळखत असे. मित्रांनो, मी किती वेळा तयार झाले याला गणती नाही, पण मला जमिनीवर ठेवून कुणी कधी ढकललं नाही.

माझ्याबरोबर आणखी चार बहिणी होत्या. एका डब्यात राहत होतो, पण डब्यात आम्ही सगळ्याच सुट्या असू. सुटं असताना बोलायचं कुणाशी?

तरीही सरांच्या तासाला मी खूश असायची, आणि त्याचं कारण होतं दुसरी फेरी. पहिल्या फेरीत नेहमी एकच गोष्ट घडायची. चाकांच्या जागेपुढे अर्धवट मोटारींचा ढीग साचायचा. इतर जागांवर एकेक भाग टक्कन अडकवायचा, तर इथे दोन दांड्या, चार चाकं, ती जोर लावून दाबायची, फिरवून बघायची, मग खालून पट्टी लावायची. साहजिकच तिथे बसलेल्याच्या नावाने सगळे शंख करायचे. सर पहिल्या फेरीत चकार शब्द काढत नसत. फेरी संपली की विचारत, काम कुठे अडलं? सगळी बोटं त्या बिचाऱ्याकडे वळत. मग सर शांतपणे सर्वांत जास्त ओरडणाऱ्याला उठवून चाकांच्या जागेवर बसवत आणि म्हणत, "आता दुसरी फेरी." ढीग पुन्हा तिथेच साचायचा. ओरडणाऱ्याचे कान लाल व्हायचे. सर म्हणायचे, "माणूस बदलला, ढीग नाही हलला. आता मला सांगा, बाकीचे हात त्या वेळी काय करत होते?" दर वर्षी वर्ग इथे आपापल्या हातांकडे बघायचा, आणि दर वर्षी मला हे नव्याने ऐकावंसं वाटायचं.

पुढे माझ्या आयुष्यातला सगळ्यात मानाचा दिवस आला. कॉलेजच्या माहितीपुस्तिकेसाठी फोटो काढायला माणसं आली. ज्या मुलाला सगळे कॅप्टन म्हणत, त्याच्या तळहातावर मला ठेवलं. कॅप्टन दिसायला रुबाबदार, बोलायला चटपटीत. त्याला डावीकडे वळव, उजवीकडे वळव, दिवे लाव, दिवे काढ, यात तासाचा बराच भाग गेला. मी मात्र हरखून गेले होते. आपला फोटो छापून येणार, म्हणजे आपण कुणीतरी आहोत, असं मला वाटलं.

फोटोवाले गेल्यावर सरांनी घाईघाईने पहिली फेरी सुरू केली. चाकांच्या जागेवर एक मुलगी होती. अबोल, वेणी घट्ट बांधलेली, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ढीग साचला. दुसऱ्या जागेवरून तिला भराभर मोटारी देऊन कॅप्टन मोकळा झाला होता आणि 'चल गं, आटप' म्हणत होता. चौथ्या आणि पाचव्या जागेवरची मुलं हातावर हात ठेवून बसली होती. त्यातल्याच कुणीतरी तिला गोगलगाय म्हटलं आणि सगळे हसले. ती हसली नाही. तिचा अंगठा दाबून दाबून लाल झाला होता, हे मला कळलं, कारण तो माझ्याच चाकावर होता.

फेरी संपली. सरांनी विचारलं, काम कुठे अडलं? सगळी बोटं तिच्याकडे वळली. सरांनी कॅप्टनकडे पाहिलं, आणि तेवढ्यात घंटा झाली. दुसरी फेरी पुढच्या तासाला, असं म्हणत सरांनी स्टॉपवॉच गळ्यातून काढलं. आम्हांला डब्यात भरलं.

पुढचा तास झालाच नाही. सरांना बरं नव्हतं. आधी आठवड्याची रजा, मग महिन्याची, आणि मग ते येणार नाहीत असंच या वर्गाची, म्हणजे प्रयोगशाळेची, देखभाल करणारे काका कुणालातरी सांगताना मी ऐकलं. त्यांच्या जागी नव्या मॅडम आल्या. त्या मनापासून शिकवत, उगाच कशाला नावं ठेवू? त्यांच्या कॉम्प्युटरवर अख्खा कारखाना चाले, शेकडो मोटारी पडद्यावर बनत आणि एकही हरवत नसे. आमचा डबा कपाटात गेला. जुन्या खेळाची अर्धी गोष्ट सांगायची राहिली आहे, हे मॅडमना कुणी कळवलं नाही. काम कुठे अडलं ते ज्याला कळायला हवं त्याला कळलंच नाही, आणि तेही याच विषयाच्या वर्गात.

वर्गाने तेवढ्यावरच निकाल लावून टाकला होता. गोगलगाय हे नाव तिला चिकटलं. गट पाडायचे असले की ती उरायची. मॅडमनी कुठल्यातरी गटात घातलं, तर तिला टंकनाचं किंवा पानं लावायचं काम मिळायचं. मधल्या सुट्टीत ती याच खोलीत, कपाटाशेजारच्या खुर्चीवर डबा खायला बसे. कपाटाच्या दाराला फट होती. त्या फटीतून तिचा आवाज यायचा. आईचा फोन आला की ती म्हणायची, सगळं छान चाललंय, मैत्रिणी आहेत, हो, जेवले त्यांच्याबरोबरच. फोन ठेवल्यावर डब्याचं झाकण लावल्याचा आवाज येई, आणि डबा पुरता रिकामा झालेला नाही हे त्या आवाजावरून समजे.

असंच एकदा ती आईला सांगत होती की तिने हा विषय का घेतला. लहानपणी आजीला घेऊन ती दवाखान्यात जायची. एका खिडकीपुढे माणसांची रांग आणि शेजारच्या दोन खिडक्यांत माणसं रिकामी बसलेली. आजीचे पाय सुजायचे. हे कुणीतरी नीट लावायला हवं, असं तेव्हा तिच्या मनात आलं होतं. ते सांगताना तिचा आवाज पहिल्यांदाच मोकळा झाला. मग आई काहीतरी म्हणाली असावी. त्यावर ती म्हणाली, "नाही गं आई. मला नाही जमत हे. माझ्यामुळे सगळ्यांचं काम अडतं."

मित्रांनो, मी कपाटात होते. मला तोंड नाही. कितीतरी दुसऱ्या फेऱ्या मी अनुभवल्या होत्या, त्यातली एक जरी तिला सांगता आली असती तरी पुरलं असतं. इतकं एकटं मला दुकानात वाटलं नव्हतं आणि त्याआधी कधी डब्यातही नाही.

परीक्षेच्या आधी एका दुपारी ती पुन्हा आली. या वेळी डबा नव्हता, हातात एक कागद होता. कॉलेज सोडायचं तर प्रत्येक प्रयोगशाळेतून सही घ्यावी लागते, आणि काका चहाला गेले होते. ती थांबली. जरा वेळाने, हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून असेल, तिने कपाट उघडलं आणि आमचा डबा बाकावर ओतला.

ती पहिल्या जागेवर बसली आणि तिने सीट बसवली. उठून दुसऱ्या जागेवर गेली, बॉनेट लावलं. तिसऱ्या जागेवर बसून चाकं लावली. चौथीवर छप्पर. एकटीच या खुर्चीवरून त्या खुर्चीवर जात होती. दुसरी मोटारही तिने तशीच केली. तिसऱ्या मोटारीच्या वेळी, म्हणजे माझ्या वेळी, चाकांच्या खुर्चीवर ती थबकली. मागच्या दोन खुर्च्यांकडे तिने पाहिलं, पुढच्या दोन पाहिल्या. मग हातातलं चाक खाली ठेवून तिने प्रत्येक जागेचे भाग बोटांवर मोजले.

तेवढ्यात कॅप्टन कॉम्प्युटरवर काहीतरी बघायला म्हणून आत आला. बाकावर पसरलेले भाग बघून तो हसला आणि लहान मुलांचा खेळ कशाला काढलास असं काहीसं म्हणाला. ती उठली. तिने झालेल्या मोटारी पुन्हा सुट्या केल्या आणि चाकांची खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"बस इथे," ती म्हणाली. "चाकं तू लाव. बाकीचं सगळं मी करते."

तो गमतीत बसला. ती सीट लावी, बॉनेट लावी आणि त्याच्यापुढे ठेवी. पहिली मोटार झाली. दुसरी त्याच्यापुढे आली तेव्हा त्याचं एक चाक निसटून टेबलाखाली गेलं. ते घेऊन तो वर येईतो आणखी दोन मोटारी येऊन थांबल्या होत्या. त्याने बाह्या सरसावल्या, जोर लावला, मान वर करायचं सोडलं. मग आपला अंगठा बघितला. तो लाल झाला होता.

"ही जागाच अशी आहे," तो हळू आवाजात म्हणाला.

"हो, आणि मला ते आज कळलं," ती म्हणाली. "पण त्या दिवशी तुम्ही बाकीचे रिकामे होता. एकाने तरी एक चाक हातात घ्यायचं होतं."

राहिलेली चाकं त्याने अर्धी तिच्याकडे सरकवली आणि दोघांनी मिळून ती बसवली. माझी पाळी शेवटी आली. छप्पर लागलं, टिचकी बसली, आता तुकडे होणार म्हणून मी सवयीने वाट बघू लागले. पण तिने मला बाकाच्या एका टोकाला ठेवलं आणि ढकललं.

मित्रांनो, मी धावले. बाक थोडा खडबडीत होता, माझं एक चाक किंचित तिरकं होतं, तरी मी धावले. दुसऱ्या टोकाला कॅप्टनने हात आडवा धरला म्हणून खाली पडले नाही.

काका चहा पिऊन आले आणि त्यांनी तिला विचारलं, कशाला आली होतीस? तिने तो सहीचा कागद घडी करून पिशवीत टाकला.

"काही नाही काका," ती म्हणाली. "मोटार बघत होते."

बाकीच्या चौघींना तिने डब्यात ठेवलं. मला मात्र न मोडता कपाटावर ठेवलं. तिचं पुढे काय झालं ते मला तुकड्यातुकड्यानेच माहीत आहे. गोगलगाय हे नाव कॅप्टनने परत कुणाला घेऊ दिलं नाही. शेवटच्या वर्षी कुठल्यातरी दवाखान्याच्या रांगेवर तिने केलेलं काम याच खोलीत सगळ्यांपुढे मांडलं, आणि टाळ्या वाजल्या. मी वरून ऐकत होते. तिने एकदा वर पाहिलं असं मला वाटलं, पण दिवे तिच्या डोळ्यांवर होते, तेव्हा नक्की सांगता येत नाही. नंतर सगळीच मुलं निघून गेली, तीही गेली.

आता मी पूर्ण आहे आणि एकटी आहे. बहिणी खालच्या डब्यात सुट्या पडल्या आहेत. माझ्यावर धुळीचा थर चढला आहे. माझा फोटो असलेली पुस्तिका कधीच जुनी झाली आणि तिच्या जागी नवी आली. सर असते तर त्यांनी मला उतरवलं असतं, पुसलं असतं. त्यांची आठवण मला रोज येते.

माझं मागणं मोठं नाही. कुणाच्या पुढ्यात कामाचा ढीग दिसला, तर त्याला हसण्याआधी थोडा वेळ त्याच्या खुर्चीवर बसून बघा. आणि तुमच्या घरात एखादी छोटी मोटार कोपऱ्यात पडली असेल, तर तिला एकदा तरी ढकला. लांब नाही गेली तरी चालेल. फक्त पलीकडच्या टोकाला हात आडवा धरायला कुणाला तरी बसवा.